साथ किती आणि गाजावाजा किती?

अमेरिकेत २०१४ च्या सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत इबोला या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाचं निदान झालेले रुग्ण होते चार. आफ्रिकेत लागण झालेले आणि उपचारांसाठी विमानाने आणलेले रुग्ण धरले, तरी त्या साथीत अमेरिकेत उपचार घेतलेल्यांचा आकडा अकराच्या पुढे गेला नाही. त्यांतले दोघे दगावले. तीस कोटींहून जास्त वस्तीच्या देशातली ही संख्या. पण त्या महिन्यात तिथे इबोलाशिवाय पान हलत नव्हतं. टीव्हीवर इबोलाची एक बातमी झळकली की तिच्यामागोमाग हजारो ट्वीट आणि हजारो सर्च होत, असं संशोधकांनी नंतर हिशेब मांडून दाखवलं.

खरी आग लागली होती ती गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या पश्चिम आफ्रिकेतल्या तीन देशांत. तिथे साथ आटोक्यात येईपर्यंत २८ हजारांहून जास्त रुग्ण आणि ११ हजारांहून जास्त मृत्यू नोंदले गेले. नोव्हेंबरात सिएरा लिओनमध्ये रोग ऐन भरात होता आणि नेमके तेव्हाच अमेरिकेतले इबोलाबद्दलचे सर्च ओसरले. देशात नवा रुग्ण सापडेना, मग विषयही संपला.

एखाद्या नव्या रोगाचं नाव बातम्यांत आलं की आपण फोन उघडतो आणि समजतो, साथ कुठवर आली ते बघतोय. प्रत्यक्षात बऱ्याच वेळा आपण बघत असतो ते साथीकडे इतरांचं किती लक्ष आहे ते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की घाबरायचं तेव्हा आपण निवांत असतो आणि निवांत राहायचं तेव्हा भलतंच काहीतरी पिऊन बसतो.

दोन आलेख

साथीचा आलेख म्हणजे रोज किती जणांना लागण झाली, किती दवाखान्यात पोचले, किती गेले. लक्षाचा आलेख म्हणजे त्या रोगाबद्दल रोज किती जण बोलले, किती जणांनी शोधलं, किती व्हिडिओ फिरले. पहिला आलेख विषाणू आणि माणसांच्या गाठीभेटींवर चालतो. दुसऱ्याला वर जायला एखादी निराळीच गोष्ट पुरते: पहिला मृत्यू, एखाद्या नटाला झालेली लागण, नवं भीतीदायक नाव, रस्त्यात कोसळलेल्या माणसाची दहा सेकंदांची क्लिप.

११ मार्च २०२० हा दिवस घ्या. त्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला जागतिक महासाथ म्हटलं. त्याच दिवशी अमेरिकेत एनबीए या बास्केटबॉल स्पर्धेचा हंगाम थांबवला गेला आणि अभिनेते टॉम हँक्स यांनी आपल्याला लागण झाल्याचं जाहीर केलं. तोवर ११४ देशांत मिळून १ लाख १८ हजार रुग्ण नोंदले गेले होते. विषाणू १० मार्चला जसा होता तसाच ११ मार्चलाही होता. पण अनेकांसाठी साथ ‘सुरू’ झाली ती त्या दिवशी.

मैदानाच्या बाहेर उभं राहून आतल्या सामन्याचा गलका ऐकावा, तसं हे आहे. काहीतरी घडलंय एवढं नक्की कळतं. चौकार बसला की विकेट पडली, आणि धावफलकावर काय आहे, हे गलक्यावरून सांगता येत नाही.

या गलक्यासाठी आरोग्य क्षेत्रात एक शब्द रूढ झालाय: इन्फोडेमिक. साथीच्या काळात खरी, खोटी, अर्धवट, शिळी अशी सगळी माहिती एकदम एवढी अंगावर येते की त्यातली कामाची कोणती हेच कळेनासं होतं, ती अवस्था. शब्द मुळात २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीच्या वेळचा. फेब्रुवारी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी तो वापरला आणि सर्वतोमुखी झाला. यात फक्त खोटी माहिती येत नाही हे लक्षात घ्या. दिवसभरात एकाच विषयावरच्या दोनशे खऱ्या बातम्या वाचल्या तरी माणूस गोंधळतो.

सर्चवरून फ्लू मोजायला गेलं तर

हे दोन आलेख एकच आहेत असं समजून एक मोठा प्रयोग झाला होता. तो कसा फसला ते जरा सविस्तर बघू, कारण त्यात सगळी मेख आहे.

नोव्हेंबर २००८ मध्ये गूगलने ‘गूगल फ्लू ट्रेंड्स’ सुरू केलं. कल्पना फार हुशारीची होती. अमेरिकेतली सरकारी रोगनियंत्रण संस्था, म्हणजे सीडीसी, डॉक्टरांकडून आलेली माहिती गोळा करून फ्लू किती पसरलाय ते सांगते. पण त्यात एक-दोन आठवडे जातात. माणूस मात्र अंग मोडून आलं की डॉक्टरकडे जायच्या आधी सर्च करतो. मग सर्चवरूनच फ्लू मोजला तर? ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत २००९ मध्ये शोधनिबंध आला. आम्ही फ्लूचा अंदाज साधारण एका दिवसात देऊ शकतो, असा दावा होता. जग भारावून गेलं.

त्याच वर्षी वसंतात स्वाइन फ्लू आला आणि या यंत्रणेला त्याची पहिली लाट नीट पकडता आली नाही. ती शिकली होती हिवाळ्यातल्या फ्लूवर. पाच कोटी सर्च-शब्दांमधून तिने असे शब्द निवडले होते, ज्यांचा चढउतार जुन्या फ्लूच्या आकड्यांशी जुळतो. एवढ्या ढिगाऱ्यात योगायोगाने जुळणारेही पुष्कळ निघतात. शाळांच्या बास्केटबॉलबद्दलचे सर्चही फ्लूशी छान जुळत होते! दोन्ही हिवाळ्यात येतात, एवढाच त्यांचा संबंध. असे शब्द हाताने वेचून काढावे लागले.

नंतर यंत्रणेत दुरुस्त्या झाल्या आणि मग चूक उलट्या दिशेने होऊ लागली. २०१२-१३ च्या हिवाळ्यात गूगलचा अंदाज ऐन हंगामात सीडीसीच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. त्या हिवाळ्यात फ्लू खरोखर जोरात होता, बॉस्टन शहराने आरोग्य आणीबाणी जाहीर केली होती आणि बातम्यांचा भडिमार सुरू होता. बातमी बघून धडधाकट माणसंही ‘फ्लूची लक्षणं’ शोधत बसली असावीत, असा तज्ज्ञांचा कयास होता. यंत्राला तापाने फणफणलेला माणूस आणि बातमीने धास्तावलेला माणूस यांत फरक करता येत नव्हता. २०१४ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या विश्लेषणानुसार ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवडे गूगलचा अंदाज वास्तवापेक्षा जास्त होता. बातम्यांखेरीज गूगलने स्वतःच्या सर्चमध्ये वेळोवेळी केलेले बदलही विश्लेषकांनी बोट ठेवून दाखवले: तुम्ही ‘ताप’ लिहिलंत की पुढचे शब्द गूगलच सुचवणार, आणि त्यावर तुम्ही क्लिक केलंत की ते मोजणारही गूगलच. २०१५ मध्ये अंदाज प्रसिद्ध करणं बंद झालं.

सर्चची माहिती अगदीच कुचकामी आहे, असा याचा अर्थ लावू नका. त्याच विश्लेषणात दिसलं की गूगलचा अंदाज आणि सीडीसीचे उशिरा येणारे आकडे एकत्र वापरले, तर दोन्हींपेक्षा चांगलं उत्तर मिळतं. गलका ऐकावा, पण धावफलकासोबत.

आता विचार करा. जगातली नावाजलेली इंजिनीअर मंडळी, हाताशी कोट्यवधी सर्च, तरी त्यांना भीती आणि आजार वेगळे काढता आले नाहीत. आपण एका ग्रुपवरच्या चाळीस मेसेजवरून साथ ‘किती भयंकर’ ते ठरवतो.

आपल्याला नेमकं कशाचं भय वाटतं

मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये मांडलेली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. तज्ज्ञ धोका मोजतात तो प्रामुख्याने मृत्यूंच्या हिशेबात. सामान्य माणसाचा हिशेब वेगळा असतो. गोष्ट किती अपरिचित आहे आणि किती भेसूर आहे, माझ्या ताब्यात आहे की नाही, हे तो बघतो. नवा रोग या सगळ्या कसोट्यांवर पहिल्या नंबराने पास होतो. दर हिवाळ्यात येणारा फ्लू हजारोंनी माणसं नेतो, पण तो ओळखीचा आहे. इबोलाचं नाव घेतलं की अंगावर काटा येतो.

यात मूर्खपणा काही नाही, हे मुद्दाम सांगतो. अपरिचित गोष्टीला जास्त घाबरणं पुष्कळदा शहाणपणाचं असतं, कारण ती पुढे किती वाढेल ते माहीत नसतं.

दुसरी खोड जास्त त्रासदायक आहे. एखादी गोष्ट किती वेळा घडते याचा अंदाज आपण तिची उदाहरणं किती पटकन आठवतात त्यावरून बांधतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७३ मध्ये हे दाखवलं. काही वर्षांनी लोकांना वेगवेगळ्या कारणांनी होणाऱ्या मृत्यूंचा अंदाज विचारला गेला, तेव्हा त्यांनी वादळं आणि पुरांचे बळी वाढवून सांगितले आणि दम्याचे, मधुमेहाचे कमी सांगितले. वादळ बातमीत येतं. मधुमेहाने गेलेला माणूस येत नाही.

हे सगळं फोनच्या आधीचं. आता उदाहरणं आपोआप आठवत नाहीत, पुरवली जातात. तुम्ही एका व्हिडिओवर जरा थबकलात की तसेच आणखी दहा येतात. दहा बघितल्यावर वाटतं, सगळीकडे हेच चाललंय.

उत्तर नसलेल्या प्रश्नांचं काय होतं

अफवा पसरवणारे लोक वाईट असतात आणि त्यावर विश्वास ठेवणारे अडाणी असतात, ही समजूत सोयीची आहे. ती फारशी खरी नाही. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी १९४७ मध्ये अफवेचं गणित मांडलं: विषय जितका महत्त्वाचा आणि त्याबद्दलची माहिती जितकी संदिग्ध, तितकी अफवा जोरात. त्यांनी या दोन्हींची बेरीज धरली नाही, गुणाकार धरला. एक बाजू शून्य झाली की अफवा उरत नाही. नव्या रोगात मात्र दोन्ही बाजू पहिल्याच दिवशी टोकाला असतात. जीवन-मरणाचा प्रश्न, आणि उत्तर कुणाकडेच नाही.

अशा वेळी लोक आपापसांत बोलून, तुकडे जोडून उत्तर तयार करतात. हे काम ते मनापासून करतात, म्हणूनच ते थांबवणं अवघड असतं. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला ‘स्पॅनिश फ्लू’ म्हणतात त्याचं कारणही असल्याच पोकळीत आहे. महायुद्धात उतरलेल्या देशांनी वर्तमानपत्रांवर निर्बंध घातले होते. तटस्थ स्पेनमध्ये बातम्या मोकळेपणी छापून येत होत्या. जिथून बातमी आली, तिथला रोग समजला गेला. लक्षाच्या आलेखाने शंभर वर्षांपूर्वीही एका देशावर शिक्का मारला, तोही इंटरनेट नसताना.

सर्चच्या जमान्यात या पोकळीला वेगळी धार आली. नव्या रोगाचं नाव ज्या दिवशी बाहेर पडतं, त्या दिवशी ते लाखो लोक शोधतात, पण त्यावर नीट तपासून लिहिलेला मजकूर जवळजवळ नसतो. शोधयंत्र रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. जे असेल ते वर आणून ठेवतं. तपासायला वेळ लागतो, रचायला लागत नाही. त्यामुळे पहिले काही दिवस रचणाऱ्यांचे.

ऑगस्ट २०१४ मध्ये नायजेरियात मेसेज फिरला की मिठाचं पाणी प्यायलं, त्याने आंघोळ केली, तर इबोला होत नाही. त्या वेळी इबोलावर मान्यताप्राप्त लस नव्हती, औषध नव्हतं. मीठ घरात होतं. मिठाचं पाणी पिऊन किमान दोघांचा मृत्यू झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने त्याच महिन्यात जाहीर केलं. २०२० मध्ये इराणमध्ये दारूने कोविड बरा होतो या समजातून विषारी मिथेनॉल प्यायल्याने शेकडो माणसं गेली.

आणि कधी कधी ‘अफवा’ खरी असते. वुहानमधले डोळ्यांचे डॉक्टर ली वेनलियांग यांनी ३० डिसेंबर २०१९ ला आपल्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर सार्ससारख्या आजाराचे सात रुग्ण सापडल्याचं कळवलं. ३ जानेवारीला पोलिसांनी त्यांना बोलावून, खोटी माहिती पसरवल्याबद्दल समज दिली आणि कागदावर सही घेतली. ७ फेब्रुवारीला ते कोविडनेच गेले. मार्चमध्ये ती समज मागे घेण्यात आली. त्यांचा मेसेज तपशिलात शंभर टक्के बरोबर नव्हता, रोग सार्स नव्हता, सार्सचा नातलग होता. पण तो ऐकला असता तर नुकसान कुणाचंच झालं नसतं.

एका फॉरवर्डची चिरफाड

मार्च २०२० मध्ये एक मेसेज जगभर फिरला, कित्येक भाषांत. कुठे तो स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावाने होता, कुठे तैवानच्या तज्ज्ञांच्या. मजकूर थोडक्यात असा: ताप-खोकला होऊन दवाखान्यात जाईपर्यंत फुफ्फुसं निम्मी निकामी झालेली असतात. म्हणून रोज सकाळी खोल श्वास घेऊन दहा सेकंद रोखून धरा. खोकला आला नाही, तर तुम्हाला लागण नाही. दर पंधरा मिनिटांनी पाण्याचा घोट घ्या, म्हणजे विषाणू पोटात जाऊन मरेल. हात धुवा.

स्टॅनफर्डने हे आमचं नाही असं स्पष्ट सांगितलं. तोवर गाडी निघून गेली होती.

कारागिरी बघा. सुरुवात धक्क्याने: दवाखान्यात जाईपर्यंत उशीर झालेला असतो. लगेच दिलासा: पण तुम्ही घरीच, फुकटात, आत्ता तपासू शकता. वाचणारा तिथल्या तिथे श्वास रोखून बघतो, आणि बहुतेकांना खोकला येत नाही. म्हणजे मेसेजने ‘खरं’ असल्याचा पुरावा वाचणाऱ्याच्याच छातीतून काढून दिला! वर मोठ्या संस्थेचं नाव, आणि शेवटी हात धुण्याचा खरा सल्ला. एक गोष्ट खरी निघाली की बाकीच्या आपोआप तिच्या पंखाखाली येतात. तारीख नाही, लिहिणाऱ्याचं नाव नाही, ज्या पानावर जाऊन पडताळावं असं पान नाही.

नुकसान काय? लागण झालेली पण लक्षणं सौम्य असलेली तरुण माणसं ही ‘परीक्षा’ आरामात पास होतात आणि निर्धास्त हिंडतात. दम्याची माणसं नापास होतात आणि हादरतात. पाण्याच्या घोटाने श्वासनलिकेतला विषाणू धुऊन निघत नाही.

खोट्या बातम्या जास्त पळतात याचा मोजून केलेला अभ्यासही आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी ट्विटरवर २००६ ते २०१७ दरम्यान पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी जास्त होती, आणि १५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला सुमारे सहापट वेळ लागत होता. याचं खापर यंत्रचलित खात्यांवर फोडता आलं नाही. ती खरं-खोटं दोन्ही सारख्याच वेगाने पसरवत होती. फरक माणसांमुळे पडत होता. खोटी बातमी नवी आणि चकित करणारी असते. अभ्यास एकाच माध्यमाचा आणि फक्त तपासल्या गेलेल्या बातम्यांचा होता, एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

आकडा खरा, अर्थ खोटा

खोट्या मेसेजपेक्षा मला खऱ्या आकड्यांची जास्त धास्ती वाटते. ते खोडता येत नाहीत.

३ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी सांगितलं की जगभरात नोंदलेल्या कोविड रुग्णांपैकी सुमारे ३.४ टक्के दगावले आहेत. हे नोंदलेल्या रुग्णांबद्दलचं वाक्य होतं. फिरलं ते असं: लागण झाली तर मरायची शक्यता ३.४ टक्के. ज्यांना नुसतं नाक गळण्यावर निभावलं त्यांची चाचणीच झाली नव्हती, म्हणून ते छेदात नव्हते. त्यामुळे टक्का फुगलेला. उलट, त्या दिवशी आजारी असलेल्यांपैकी काही जण पुढे जाणार होते, ते अंशात आले नव्हते. त्यामुळे टक्का दबलेला. साथीच्या सुरुवातीला हा आकडा दोन्ही बाजूंनी हलत असतो. २००९ च्या स्वाइन फ्लूत प्रयोगशाळेत खात्री झालेले मृत्यू जगभरात साडेअठरा हजारांच्या आसपास होते. नंतरच्या अभ्यासात सीडीसीने पहिल्या वर्षातल्या मृत्यूंचा अंदाज दीड लाख ते पावणेसहा लाख असा दिला. मोजलेले आणि झालेले यांत एवढं अंतर पडू शकतं.

दुसरं उदाहरण जुलै २०२१ चं, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं. एका गावात झालेल्या मोठ्या गर्दीनंतर राज्याच्या रहिवाशांत ४६९ रुग्ण सापडले. त्यांतल्या ३४६ जणांचं, म्हणजे ७४ टक्क्यांचं, लसीकरण पूर्ण झालेलं होतं. आकडा सीडीसीचाच. त्यावरून निघालेला निष्कर्ष: लस घेतलेल्यांनाच जास्त होतो.

त्या राज्यात लस घेण्यास पात्र असलेल्यांपैकी ६९ टक्के लोकांनी लस पूर्ण केली होती. एक टोक कल्पून बघा. गावात शंभरातल्या शंभर जणांनी लस घेतली असेल, तर जो कुणी आजारी पडेल तो लस घेतलेलाच असणार, मग लस कितीही उत्तम असो. रुग्णांत लसवाले किती, हे विचारून लसीबद्दल काही कळत नाही. लस घेतलेल्या हजारांत किती आजारी पडले आणि न घेतलेल्या हजारांत किती, हे विचारावं लागतं. त्या ४६९ पैकी पाच जण रुग्णालयात दाखल झाले, त्यांतल्या चौघांनी लस घेतलेली होती, आणि मृत्यू एकही नव्हता. अहवालात काळजीचं काहीच नव्हतं असंही नाही. लस घेतलेल्यालाही लागण होऊ शकते हे त्यातून दिसलं, आणि याच सुमाराला सीडीसीने बंदिस्त जागेत मास्कचा सल्ला पुन्हा दिला.

‘पण मोठ्या संस्थाही चुकल्याच की!’

चुकल्या. २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने ट्वीट केलं की कोविड हवेतून पसरत नाही, आणि त्यावर ‘वस्तुस्थिती’ असा ठसठशीत शिक्काही मारला. २०२१ मध्ये तिला आपल्या संकेतस्थळावर हवेतून होणाऱ्या प्रसाराची नोंद घ्यावी लागली. सर्वसामान्यांनी मास्क वापरण्याबद्दलचा तिचा सल्लाही जून २०२० मध्ये बदलला.

माझ्या मते सल्ला बदलला ही चूक नव्हती. नव्या रोगात सल्ला बदलला नाही तर काहीतरी बिनसलंय असं समजावं. चूक होती ती ‘अजून पुरावा पुरेसा नाही’ असं म्हणायच्या जागी ‘नाही’ म्हणण्यात. लोक अनिश्चितता ऐकून बिथरतील, ही अधिकाऱ्यांना वाटणारी भीती जुनीच आहे, आणि तिच्यापायी ते खात्रीचा आव आणतात. मग तो आव उतरला की पुढचं खरं बोलणंही कुणी ऐकत नाही.

तरी त्या संस्थेत आणि श्वास रोखायला सांगणाऱ्या मेसेजमध्ये एक फरक राहतोच. संस्थेचं विधान तारखेसह नोंदलेलं होतं, म्हणून आज आपण त्याच्यावर बोट ठेवू शकतो. त्या मेसेजला जाब कुणी विचारायचा?

‘मग खोटं सरळ काढून का टाकत नाहीत?’

कारण काय खोटं ते त्या दिवशी ठरवायचं असतं. ली वेनलियांग यांचं म्हणणं त्या दिवशी ‘खोटं’च ठरवलं गेलं होतं. विषाणू मानवनिर्मित आहे असं म्हणणाऱ्या पोस्ट फेसबुकने फेब्रुवारी २०२१ मध्ये काढायला सुरुवात केली आणि मे महिन्यात ते धोरण मागे घेतलं. मिथेनॉल प्या म्हणणारी पोस्ट काढायलाच हवी, त्यात वाद नाही. पण अशी स्वच्छ प्रकरणं थोडी असतात.

दुसरा मार्ग वेग कमी करण्याचा. एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सॲपने पाच किंवा जास्त वेळा फॉरवर्ड होत आलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. मेसेज कंपनीला वाचता येत नाही, त्यामुळे खरं-खोटं न बघता नुसता फिरण्याचा वेग आवळला. असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीचं म्हणणं होतं. यात खरा मेसेजही रेंगाळतो. पण साथीच्या काळात घाई बहुतेक वेळा खोट्याच्याच पथ्यावर पडते, त्यामुळे मला हा सौदा मान्य आहे.

‘थोडं घाबरलेलं बरं नाही का?’

बरंच. बहुतेक लोक काळजी वाटल्याशिवाय हात धुवत नाहीत आणि लसही घेत नाहीत. आणि रोगांचा माग काढणारे तज्ज्ञ स्वतः अफवांवर कान ठेवून असतात. साथींच्या खबरा तज्ज्ञांपर्यंत पोचवणाऱ्या, १९९४ पासून चालणाऱ्या प्रोमेड या सेवेवर १० फेब्रुवारी २००३ ला एका डॉक्टरने विचारलं होतं की चीनमधल्या ग्वांगझूत काही साथ आहे का, तिथली रुग्णालयं बंद झाल्याचं आणि माणसं मरत असल्याचं कानावर आलंय. ती सार्सची साथ निघाली. डिसेंबर २०१९ च्या अखेरीस वुहानमधल्या अनोळखी न्यूमोनियाची खबरही या सेवेने दिली, ती सोशल मीडियावरच्या कुजबुजीतून उचलूनच.

पण ती ऐकीव बातमी तिथे प्रश्न म्हणून गेली, आणि उत्तर शोधू शकणाऱ्यांसमोर गेली. तीच बातमी ‘सर्वांना कळवा’ म्हणून तीनशे जणांच्या ग्रुपवर टाकली, तर तपासणारा त्यांत कुणी नसतो आणि घाबरणारे तीनशे असतात.

भीतीची आणखी एक अडचण म्हणजे ती टिकत नाही. चार रुग्ण असताना ती सगळी खर्च झाली, तर चार हजार झाल्यावर उरत नाही. तेव्हा लोक म्हणतात, ‘मागेही एवढं ओरडत होते, काय झालं?’

फोन हातात असताना

कुठल्याही आकड्याला आधी विचारा: कितीपैकी? आणि कधीपर्यंतचा? लागण, लक्षणं, चाचणी, नोंद यांत दिवस जातात, म्हणून आजचा आकडा बऱ्याचदा आठवडा-दोन आठवड्यांपूर्वीच्या लागणीचा असतो. सोमवारी रुग्ण घटलेले दिसले तर रविवारी नोंद कमी झाली असण्याची शक्यता मोठी. एकूण रुग्णांचा आलेख कधी खाली येतच नाही, तेव्हा तो चढतोय म्हणून दचकू नका. रोजचे नवे रुग्ण बघा.

फॉरवर्ड करण्याआधी ‘हे खरं असेल का?’ एवढं मनाशी विचारणंही कामाचं ठरतं. २०२० मध्ये झालेल्या प्रयोगांत लोकांना आधी एका असंबद्ध मथळ्याबद्दल तो अचूक वाटतो का, एवढंच विचारलं गेलं. त्यानंतर कोविडच्या बातम्या शेअर करताना त्यांची खऱ्या-खोट्याची पारख सुधारली. पुष्कळांना खोटं ओळखता येत होतं. शेअर करताना तो विचारच डोक्यात नव्हता.

ग्रुपवर कुणा काकांनी, मामींनी चुकीचं काही टाकलंच, तर आधी खरं काय ते सांगा, मग मेसेजमधली चूक, आणि तपासता येईल असा एक दुवा. खोट्या वाक्याचाच पुन्हा पुन्हा उच्चार करू नका, कारण पुन्हा पुन्हा ऐकलेलं खरं वाटू लागतं. चूक दाखवली की माणूस उलट जास्त हट्टाला पेटतो, असं पूर्वी मानत. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तसं क्वचितच आढळलं. आणि झिकाच्या साथीच्या वेळी समाजमाध्यमांवर केलेल्या एका प्रयोगात दिसलं की दुसऱ्याच कुणाच्या पोस्टखाली केलेली दुरुस्ती नुसती वाचणाऱ्यांचेही गैरसमज कमी झाले. मामींनी उत्तर दिलं नाही तरी बाकीचा ग्रुप वाचत असतो.